पत्ता मागू नका : बडोद्याच्या पक्षीमित्रांना एक खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, आणि रविवारी पहाटे पाचला काळ्या घोड्यापाशी गाड्या लावून चहाची वाट बघणाऱ्या माझ्या सगळ्या सभासद बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी मंडळाच्या गटावर आलेलं परिपत्रक मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता, म्हणून वाटलं आपलंच काही चुकत असेल. चष्मा लावला तरी मजकूर तोच. या हंगामापासून मंडळाचा ‘लाइव्ह साइटिंग’ असा वेगळा गट निघणार. पावागड, जांबुघोडा, रतनमहाल, डभोईकडची तळी, कुठेही कुणाला काही दिसलं की त्या क्षणी जागेची पिन टाकायची. जादा वर्गणी भरणाऱ्याला पिन आधी मिळणार, बाकीच्यांना तासाभरानं. हंगाम संपताना सगळ्यांत जास्त जाती ‘टिक’ करणाऱ्याला दुर्बीण बक्षीस. आणि तळाशी ठळक अक्षरांत: मार्चमध्ये ‘अस्वल स्पेशल’, दोन दिवस, साइटिंगची हमी.

हमी कुणी दिली? अस्वलानं?

मी अध्यक्षांना आधी खासगीतच लिहिलं होतं. बरंच सविस्तर लिहिलं होतं. उत्तर म्हणून एक अंगठा आला. दोन दिवसांनी आठवण केली तेव्हा हात जोडलेलं चित्र आलं. म्हणून आता हे पत्र उघडं लिहितेय. मंडळाबाहेरच्या लोकांनीही ते वाचावं, कारण हे रान आणि ही तळी काही आपल्या मंडळाच्या मालकीची नाहीत.

नव्या सभासदांना मी माहीत नसेन. मी दांडिया बाजारातली, जन्मापासून तिथलीच. मंडळात सत्तावीस वर्षं आहे. त्याआधीपासून दुर्बीण आहे, ती अजून तीच आहे, डावी भिंगाची बाजू जरा धुरकट झालीय एवढंच. नोकरी पोस्टात केली, त्यातली बरीच वर्षं सॉर्टिंगला. ‘मोठ्या वडाजवळ, निळ्या दाराचं घर, डभोई रस्ता’ एवढ्याच पत्त्यावरची कार्डं आम्ही बिनचूक घरी पोचवलेली आहेत. आमचे जुने पोस्टमास्तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून गेले. खिडकीशी येऊन कुणी अमक्याचा पत्ता विचारला तर सांगायचा नाही. ‘चिठ्ठी लिहून द्या, आम्ही पोचवतो’ म्हणायचं. विचारणारा चांगलाच असेल, नात्यातलाही असेल, पण आत राहणाऱ्याला तो आत्ता हवा आहे का, हे आपल्याला ठाऊक नसतं.

हा नियम मी खिडकीत बसून कधी मोडला नाही. रानात मोडला. त्याबद्दल आधी सांगते, म्हणजे ‘बाई आम्हालाच शिकवतात’ असं कुणी म्हणायला नको.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. हालोलच्या बाजूला एका बंद पडलेल्या दगडखाणीत मला शृंगी घुबडाचं घरटं सापडलं. घरटं म्हणजे काय, हे घुबड काडीसुद्धा आणत नाही. कपारीतल्या मातीत उथळ खळगा, त्यात दोन पिल्लं, कापसाच्या मळक्या गोळ्यांसारखी. आई समोरच्या कड्यावर, नारिंगी डोळे अर्धे मिटून बसलेली. मी खाणीच्या तोंडाशी बाभळीआड तासभर उभी होते. मग घरी आले, पोहे केले, आणि फोटो गटावर टाकला. खाली जागा लिहिली. का लिहिली? कारण लगेच पंधरा-वीस जणांनी ‘कुठे, कुठे’ विचारलं आणि मला बरं वाटलं. एवढंच कारण आहे, दुसरं काही सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले तेव्हा खाणीच्या तोंडाशी अकरा गाड्या होत्या. कपारीसमोरचं करवंदाचं झुडूप कुणीतरी कापून बाजूला टाकलं होतं, फोटोत आड येत होतं म्हणून. आई कड्यावर नव्हती. ती खाणीपलीकडच्या निलगिरीत बसली होती आणि कावळ्यांनी तिला घेरलं होतं. पिल्लं भर दुपारच्या उन्हात चोची उघड्या टाकून धापा टाकत होती, कारण सावली देणारं जे होतं ते आपणच कापलं होतं. आठव्या दिवशी एक पिल्लू नव्हतं. दुसरं कपारीच्या खाली पडलेलं होतं, मुंग्या लागलेलं. मी ते कागदात गुंडाळून खाणीतच पुरलं. त्या कपारीत त्यानंतर घुबड बसलेलं मी पाहिलेलं नाही. दर हिवाळ्यात जाऊन बघते.

त्या वेळी मंडळात कुणी मला काही बोललं नाही. उलट त्या फोटोला महिन्याचा उत्कृष्ट फोटो म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते माझ्याकडे आहे, हवं असेल तर परत करते.

आता तुमच्या निर्णयाकडे येते.

सगळ्यांत आधी अस्वल, कारण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. जांबुघोडा अभयारण्य १९९० साली झालं आणि त्याचा विस्तार १३० चौरस किलोमीटर. आकडा मोठा वाटतो. कान्ह्याचा नुसता गाभाच नऊशे चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. शिवाय आपल्या या १३० मध्ये गावं आहेत, शेतं आहेत, रस्ते आहेत, देवस्थानं आहेत. म्हणजे बिबट्याला, अस्वलाला, चौशिंग्याला माणसापासून लांब जायचं म्हटलं तरी जाणार कुठे? त्यांनी जागा वाटून घेता येत नाही म्हणून वेळा वाटून घेतल्या आहेत. दिवस माणसांचा, रात्र त्यांची. आणि मार्चमधली पहाट ही या वाटणीतली सगळ्यांत नाजूक वेळ.

मार्चमध्ये मोह फुलतो. फुलं रात्री उशिरा आणि पहाटे गळतात, झाडाखाली नुसता सडा पडतो. राठवा आणि नायक वस्त्यांतल्या बायका अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात, कारण उजाडल्यावर गुरं येतात. अस्वलंही त्याच फुलांसाठी त्याच झाडाखाली येतात. आणि मार्चमध्ये अस्वलाच्या मादीच्या पाठीवर पिल्लू असतं, हिवाळ्यात जन्मलेलं, नुकतंच बिळाबाहेर निघालेलं. अस्वलाला दिसतं कमी, ऐकूही बेताचंच येतं. नाक मात्र जबरदस्त. वारा उलटा असला आणि माणूस एकदम पुढ्यात आला, की ते पळण्याच्या आधी अंगावर येतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून बायका एकट्या जात नाहीत, मोठमोठ्यानं बोलत, खोकत, टोपल्या वाजवत जातात. अस्वल ते ऐकून उठतं आणि नाल्यानं निघून जातं. ठरलेला रस्ता आहे त्याचा.

गेल्या मार्चमध्ये आपल्याच मंडळातल्या काही जणांनी तीन गाड्या गावरस्त्यावर मोहाच्या झाडाकडे तोंड करून लावल्या आणि अस्वल आल्यावर दिवे टाकले. अस्वल नेमकं नाल्याकडे पळालं. नाल्यानं त्या वेळी दोन बायका येत होत्या. एकीनं टोपली फेकली आणि दोघी सागाच्या झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. अस्वल टोपलीवरून गेलं. सुदैव त्यांचं आणि आपलंही. मी त्या टोपलीचे बांबू पाहिलेत, मधोमध दबून चिरफाळलेले. ज्या आजींकडे मी गेली कितीतरी वर्षं पाणी प्यायला थांबते, त्या मला एवढंच म्हणाल्या, ‘बेन, तमे तो फोटो लईने जाव, रींछ तो अमारी पासे ज रहे.’

तुम्ही फोटो घेऊन जाता, अस्वल आमच्याजवळच राहतं. गुजराती न कळणारा आपल्यात कुणी नाही, तरी उलगडून लिहिलं, कारण त्या वाक्याला मंडळाच्या एकाही बैठकीत जागा मिळालेली नाही. त्या ‘अस्वल स्पेशल’च्या पत्रकात चहा-नाश्त्याची वेळ आहे, गाडीत लेन्सची पिशवी कुठे ठेवायची हे आहे, गावकऱ्यांचा उल्लेख नाही.

दुसरी गोष्ट कॉल, म्हणजे पक्ष्याचा मुद्रित आवाज, वाजवण्याची. परिपत्रकात लिहिलंय, ‘पिन टाकताना पक्षी कॉलला प्रतिसाद देतो का तेही नोंदवावे.’ म्हणजे आता हे चोरून नाही, रीतसर नोंदवून करायचं.

नवरंग आपल्याकडे पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येतो. एका बऱ्यापैकी लिंबाएवढं त्याचं वजन. तमिळमध्ये त्याला ‘आरुमणी कुरुवी’ म्हणतात, सहा वाजताचा पक्षी, कारण पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याची ती दोन सुरांची शीळ हमखास ऐकू येते. इथे येतो तो पिल्लं वाढवायला. जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर वाळक्या पानांचा, काटक्यांचा गोळा करून त्यात अंडी घालतो. असा एक नर गेल्या जूनमध्ये मी बघत होते. माझ्यापासून वीस पावलांवर आपल्या मंडळातल्या एका तरुण भाईनं फोनला छोटा स्पीकर जोडून दुसऱ्या नवरंगाची शीळ लावली. मी मोजलं: पंचवीस मिनिटांत एकोणीस वेळा. त्या नराला वाटलं, कुणी तरी आपल्या जागेत घुसलाय. तो दरवेळी येऊन छाती काढून उभा राहिला, ओरडला, इकडून तिकडे उडाला, शोधत राहिला. एकोणीस वेळा. तेवढ्या वेळात त्यानं एक गांडूळसुद्धा उपसलं नाही. फोटो सुंदर आले, यात शंका नाही. त्याच दिवशी पिन गटावर पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे तीन स्पीकर होते.

मी त्या भाईशी बोलले. मुलगा चांगला आहे, हट्टी नाही. म्हणाला, ‘काकी, मला कुणी सांगितलंच नाही.’ बरोबर आहे त्याचं. त्याला सांगायचं काम आपलं होतं, आपण त्याला गटात घेतलं आणि पिन दिली.

तळ्यांचं वेगळंच आहे. वढवाणा १९१० मधला, सयाजीराव महाराजांच्या राज्यात बडोदे संस्थानानं शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. माझे आजोबा संस्थानच्या खात्यात कारकून होते, ते सांगायचे की तेव्हा चर्चा असायची ती बांधाची, कालव्याची आणि पाणीपट्टीची. पक्ष्यांचा विचार कुणी केला नव्हता. आजही पंचवीस गावांची शेती त्या पाण्यावर चालते. पक्षी आपले आपण आले आणि २०२१ मध्ये तो रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. मध्य आशियातून येण्याच्या वाटेवरच्या ऐंशीहून अधिक जाती तिथे उतरतात. पट्टकदंब घ्या, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. लडाख, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. त्याला यंत्र लावून मोजलं तेव्हा सात हजार मीटरांहूनही उंच उडालेला सापडला. इतकं अंतर तोडून तो आपल्याकडे येतो ते खायला आणि विसावा घ्यायला, म्हणजे परतीच्या प्रवासाची चरबी अंगावर चढेल.

आणि आपण त्याला उडवतो. ‘फ्लाइट शॉट’ पाहिजे असतो ना.

हे वढवाण्यावरचं नाही, तिथे लक्ष ठेवायला माणसं असतात. मी सांगतेय ते एका साध्या गावतळ्याबद्दल, नाव लिहीत नाही. गेल्या जानेवारीत तिथे आपल्याच सहलीत पांढऱ्याशुभ्र बुटातल्या एका सद्गृहस्थांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग खडा टाकला, मग दुसऱ्या बाजूनं ड्रोन वर गेला. एका सकाळीत तो थवा चार वेळा उठला. चौथ्यांदा उठला तो परत बसलाच नाही. गंमत म्हणजे, त्याच आठवड्यात उत्तरायण होतं आणि हेच सगळे सभासद खोकी, हातमोजे घेऊन पतंगाच्या दोऱ्यानं कापलेली कबुतरं आणि बगळे गोळा करत कॉलनी-कॉलनी फिरत होते. मनापासून फिरत होते, मी बरोबर होते. तळ्यावरचे हात आणि हे हात एकाच माणसाचे, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

कुरवांना गाठिया टाकून डोक्यावर घिरट्या घालायला लावणं, विश्वामित्रीच्या पुलावरून मगरीनं तोंड उघडावं म्हणून कोंबडीचे तुकडे सोडणं, रात्री रातव्याच्या डोळ्यांत टॉर्च मारणं, यावर मी फार लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. मगरीचं तेवढं सांगते. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या आपल्या सोसायट्यांच्या फाटकाशी आल्या तेव्हा आपली किती धांदल उडाली होती? माणूस दिसला की खायला मिळतं, हे तिला शिकवायची घाई कशाला?

आता स्पर्धा. जास्त जाती टिक करणाऱ्याला दुर्बीण. जो पक्षी दहा सेकंद बघतो आणि पुढच्या पिनकडे पळतो, त्याला दुर्बीण मिळणार, हा विनोद कार्यकारिणीच्या लक्षात आला नसावा. मला सांगा, आपल्यातल्या किती जणांनी कांस्यपंखी कमळपक्ष्याचा बाप पिल्लांना पंखाखाली घेऊन उठताना पाहिलाय? अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं नराकडे. श्रावणात एका तळ्याच्या काठी मी सलग चार रविवार एकाच नराला बघत होते. चौथ्या रविवारी घार वरून गेली तेव्हा तो खाली बसला, पंख जरासे उचलले, आणि उठला तेव्हा त्याच्या दोन्ही कुशींतून लांब लांब बोटांचे झुबके लोंबत होते. चार की सहा पाय, मला नीट मोजताही आले नाहीत. तो तसाच पानापानावरून चालत वेताच्या आड गेला. स्पर्धेच्या कागदावर ही एक टिक. चार रविवारांची एक टिक. मी त्या स्पर्धेत शेवटी येईन.

कायद्याबद्दल एक छोटी गोष्ट, कारण कार्यकारिणीत दोन वकील आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या उघडून बघा. त्यात नुसतं मारणं नाही. जनावराला हाकणं आहे, आमिष दाखवणं आहे, आणि पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही आहे. म्हणजे त्या खाणीत आपण जे केलं त्याला कायद्याच्या पुस्तकात कोणता शब्द आहे, ते प्रत्येकानं आपल्या मनाशी म्हणून बघावं. मी म्हणून बघितलाय.

पिनच्या बाजूनं जे बोललं जातं ते मला माहीत आहे आणि त्यातलं काही खरंही आहे. नवे सभासद म्हणतात, जुनी मंडळी जागा लपवून ठेवतात, स्वतः बघतात आणि दुसऱ्याला नुसते फोटो दाखवतात. आहे तसं. आमच्यातले काही जण जागांवर असे बसतात जशा आज्या लोणच्याच्या बरणीवर बसायच्या. पण त्याला उपाय पिन नाही. बरोबर घेऊन जाणं हा उपाय आहे. मला वढवाणा पहिल्यांदा दाखवला तो मंडळातल्या एका काकांनी. त्यांनी दोन वर्षं मला फक्त टिटव्या आणि बगळे दाखवले. टिटवी ओरडायला लागली की आपण किती पावलं जास्त पुढे आलो हे त्यांनी मला तिच्या आवाजावरून शिकवलं. मग एका पहाटे म्हणाले, ‘चल, आता तुला एक जागा दाखवतो.’ त्या जागेची पिन कुणी मला आयती पाठवली असती तर मीही टिटवीचं ऐकलं नसतं.

दुसरं म्हणतात, माहिती दडवली तर संवर्धन कसं होणार? नोंद जरूर करा. जगभरचे लोक जिथे नोंदी ठेवतात त्या ई-बर्डवर नाजूक जातींची नेमकी जागा सगळ्यांना दिसत नाही, आय-नॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींचा नकाशावरचा ठिपका मुद्दाम ढोबळ करून दाखवतात. नोंद राहते, अभ्यास करणाऱ्याला ती मिळते, पत्ता मात्र चव्हाट्यावर येत नाही. हे जगाला सुचलं, आपल्याला सुचायला हरकत नव्हती.

आणि तिसरं, रानातल्या पोरांना रोजगार मिळतो. मिळायलाच पाहिजे! पण पिन आली की पोराची गरजच उरत नाही, गाडी सरळ झाडाखाली जाते. गेल्या वर्षी ज्या दोन मुलांना आपण वाटाड्या म्हणून नेत होतो त्यांना या हंगामात एकदाही फोन गेलेला नाही, मी विचारून आलेय.

तर माझं मागणं सरळ आहे.

‘लाइव्ह साइटिंग’चा गट सुरू व्हायच्या आधीच बंद करावा, आणि पिन आधी देण्यासाठी घेतलेली जादा वर्गणी ज्याची त्याला परत करावी. ‘अस्वल स्पेशल’ रद्द करावी. पुढे ढकलू नये, रद्द करावी. मोह गळत असतानाच्या दिवसांत मंडळाची एकही गाडी उजाडायच्या आत त्या गावरस्त्यांवर जाणार नाही, असा ठराव कार्यकारिणीनं लेखी करावा आणि तो गुजरातीत छापून त्या गावांत नेऊन द्यावा. नेऊन द्यायला मी येते.

कॉल वाजवणं, रात्री दिवे टाकणं, आमिष दाखवणं, थवे उडवणं आणि ड्रोन, हे मंडळाच्या कुठल्याही सहलीत चालणार नाही. केलं तर त्या हंगामापुरतं सभासदत्व स्थगित. घरट्याचा फोटो त्या हंगामात गटावर येणार नाही, जागेसकट नाही आणि जागेवाचूनही नाही, कारण मागे दिसणाऱ्या टेकडीवरून जागा ओळखणारे आपल्यात महाभाग आहेत. मीही त्यातलीच एक.

नव्या सभासदाला पहिलं वर्षभर एका जुन्या सभासदाबरोबर जोडून द्यावं. जुन्यांना हे काम नको असेल तर त्यांनी जागा लपवल्याच्या तक्रारी निमूट ऐकून घ्याव्यात. गावातल्या वाटाड्यांचा रोज मंडळानं ठरवावा, तो सहलीच्या शुल्कात धरावा, आणि किती अंतरावर थांबायचं हे तिथे त्यांनी सांगावं, सहाशे मिलिमीटरच्या लेन्सवाल्यानं नाही.

दुर्बीण द्यायचीच असेल तर द्या. वर्षभर एकाच तळ्याची वही लिहिणाऱ्याला द्या. वहीत जाती किती यापेक्षा त्यानं काय पाहिलं हे बघा. परीक्षक म्हणून बाहेरचं कुणी आणा, मला नको.

येत्या पंधरा दिवसांत कार्यकारिणीची बैठक आहे, असं कळतं. त्यात हे पत्र वाचलं जावं. उत्तर खासगीत नको, अंगठा तर नकोच. ज्या गटावर परिपत्रक आलं त्याच गटावर उत्तर यावं. ते काहीही असलं तरी मी मंडळ सोडणार नाही, ही सूचना ज्यांना आनंदाची वाटेल त्यांची आधीच क्षमा मागते. बैठक उघडी ठेवलीत तर सेव-उसळ माझ्याकडून.

आपली,
एक जुनी सभासद
दांडिया बाजार, बडोदे

ता.क. खाणीकडे या डिसेंबरमध्ये जाऊन आले. करवंदाचं झुडूप बुंध्यापासून पुन्हा फुटलंय, कमरेएवढं झालंय. कपार रिकामी आहे. पलीकडच्या कड्याखाली मात्र दोन ताज्या उलट्या सापडल्या, उंदरांची हाडं आणि केस दाबून केलेल्या लाडवांसारख्या. कुणाच्या ते मला कळलंय. कोणत्या कड्याखाली, ते विचारू नका.